त्याचं वय काय?

नागपूरहून रायपूरकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर, गोंदिया जिल्ह्याच्या सडक अर्जुनी तालुक्यात कोहमारा लागतं. गोंदियाहून गोरेगावमार्गे येणारा रस्ता इथं महामार्गाला मिळतो आणि इथूनच नवेगावबांध, अर्जुनी मोरगावकडची वाट फुटते. गाव लहान, पण फाटा मोठा. ट्रक थांबतात, ढाबे चालतात, टपऱ्यांवर चहा उकळत असतो आणि शाळा-कॉलेज सुटलं की एसटीची वाट पाहणाऱ्या मुलींचे घोळके उभे राहतात. आठवी ते बारावीच्या मुलींची फुकट ने-आण करणाऱ्या मानव विकास मिशनच्या बसगाड्यांनी या भागातल्या कितीतरी मुलींचं शिक्षण तगवून धरलं आहे.

अशा फाट्यावर कोणती मुलगी कोणाशी बोलते, याकडे लोकांचं बारीक लक्ष असतं. हे कोहमाऱ्यालाच लागू आहे असं नाही. महाराष्ट्रातला कुठलाही फाटा घ्या. एखादी मुलगी अचानक शाळेत यायची थांबली, घाईघाईनं तिचं लग्न उरकलं किंवा त्याहून वाईट बातमी आली, की चौकशा सुरू होतात. कोणाची पोरगी? कितवीत होती? मोबाइल कोणी घेऊन दिला? आईचं लक्ष नव्हतं का? पुरुषाबद्दलही विचारतात, पण ते जातीचं, जमिनीचं, नोकरीचं. त्याचं वय काय, हा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो आणि बहुतेक वेळा येतच नाही.

सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासकांनी गेली तीसेक वर्षं नेमका हाच प्रश्न लावून धरला आहे. किशोरवयीन मुलीचा जोडीदार, मग तो नवरा असो की प्रियकर, तिच्याहून किती मोठा आहे यावर तिच्या आरोग्याचं काय काय ठरतं, हे त्यांनी मोजलं. निष्कर्ष सरळ आहेत, असं मात्र समजू नका. त्यांत वादही आहेत आणि ते वाद समजून घेण्यासारखे आहेत.

आपल्याकडे हा विषय नवा नाही. आनंदीबाई जोशींचं लग्न नवव्या वर्षी झालं, तेव्हा गोपाळराव त्यांच्याहून जवळजवळ वीस वर्षांनी मोठे आणि बिजवर होते. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मूल झालं आणि ते दहा दिवसांत गेलं. त्या डॉक्टर का झाल्या, याचं उत्तर त्या दहा दिवसांत आहे, हे शाळेच्या पुस्तकांतूनही सांगितलं जातं. गोपाळरावांचं वय आपण तपशील म्हणून वाचतो आणि पुढे जातो. रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी एकोणीस वर्षांच्या दादाजी भिकाजीशी झालं. बायको नांदायला येत नाही म्हणून 1884 साली दादाजींनी मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला. 1887 मध्ये कोर्टानं नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम दिला, तेव्हा या बाईंनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. त्याच सुमारास कलकत्त्यात फुलमणी दासी ही दहा-अकरा वर्षांची मुलगी तिच्याहून कितीतरी मोठ्या नवऱ्याच्या शरीरसंबंधामुळे मरण पावली. या सगळ्या खळबळीतून 1891 चा संमतिवयाचा कायदा आला आणि मुलीचं संमतिवय दहावरून बारावर गेलं. पुण्यात टिळक आणि सुधारक यांच्यात त्यावरून काय रण माजलं, ते सर्वांना ठाऊक आहे. पुढे 1929 च्या सारडा कायद्यानं मुलीच्या लग्नाचं वय चौदा केलं, 1978 मध्ये ते अठरा झालं. दहा, बारा, चौदा, अठरा. एवढ्या काळात आपण मुलीचं किमान वय वाढवत राहिलो, तेही रास्तच होतं. पण दोघांच्या वयांतलं अंतर हा मुद्दा कधी कायद्याच्या केंद्रस्थानी आला नाही.

अंतर मोजण्याचं काम आधी अमेरिकेत नीट झालं. 1990 च्या दशकात तिथं किशोरवयीन मातांवर मोठी ओरड होती आणि सगळा रोख मुलींवर होता. तेव्हा काही अभ्यासकांनी जन्मनोंदी उघडून बापांची वयं पाहिली. कितीतरी बाप शाळकरी वयाचे नव्हतेच, विशीतले पुरुष होते. 1999 साली जॅकलिन डॅरोक आणि सहकाऱ्यांनी याचा पुढचा हिशेब मांडला. पंधरा ते सतरा वयाच्या, शरीरसंबंध असलेल्या मुलींपैकी बहुसंख्य मुलींचे जोडीदार त्यांच्याहून फार तर दोन वर्षांनी मोठे होते. सहा किंवा अधिक वर्षांनी मोठा जोडीदार असलेल्या मुली शंभरात जेमतेम सात. पण या सातांमधलं गर्भधारणेचं प्रमाण समवयस्क जोडीदार असलेल्या मुलींच्या 3.7 पट होतं. मुली थोड्या, धोका मोठा. याचा एक भाग गर्भनिरोधकं कमी वापरल्यामुळे होता. पण काही मुलींना मूल हवंही होतं, हे त्याच अभ्यासात दिसतं. म्हणून प्रत्येक मोठ्या पुरुषाला शिकारी आणि प्रत्येक मुलीला बळी ठरवणारं लिखाण मला पटत नाही. तसं लिहिलं की संतापाचं समाधान मिळतं, समजत काही नाही.

आफ्रिकेत प्रश्न जिवावरचा होता. तिथं पंधरा ते चोवीस वयाच्या मुलींत एचआयव्हीचं प्रमाण त्याच वयाच्या मुलांपेक्षा कितीतरी जास्त होतं. जोडीदार बरोबरीच्या वयाचे असते तर असं का झालं असतं? युगांडाच्या राकाई जिल्ह्यात 2003 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की दहा किंवा अधिक वर्षांनी मोठा जोडीदार असलेल्या किशोरींना, जवळच्या वयाचा जोडीदार असलेल्यांच्या तुलनेत, लागणीचा धोका दुपटीच्या आसपास होता. झिंबाब्वेतूनही तसेच निष्कर्ष आले. मग 2014 मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या क्वाझुलू-नाताल भागातून उलटा निकाल आला. तरुण बायकांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केलेल्या तिथल्या अभ्यासात जोडीदाराच्या मोठ्या वयाचा आणि नव्या लागणीचा संबंधच सापडला नाही. संशोधनात असं होतं. तीन वर्षांनी त्याच प्रांतात विषाणूंच्या जनुकीय खुणांवरून कोणाकडून कोणाला लागण झाली असावी याच्या साखळ्या जुळवल्या गेल्या. पंचविशीच्या आतल्या मुलींना लागण देणारे पुरुष सरासरी 8.7 वर्षांनी मोठे निघाले. या पुरुषांच्या साखळ्या त्यांच्याच वयाच्या बायकांशीही जोडलेल्या होत्या. आजची लागण झालेली मुलगी दहा वर्षांनी बाई होते, तिच्यापासून तिच्या वयाच्या पुरुषाला लागण होते आणि तो पुन्हा लहान मुलीकडे वळतो. हे चक्र तिथं आकड्यांत दिसलं.

मला यातून इतकंच कळतं की वयाचं अंतर हे स्वतः रोग देत नाही. अंतराबरोबर जे येतं ते देतं. पुरुष मोठा म्हणजे त्याच्या आयुष्यात आधी येऊन गेलेली माणसं जास्त, त्याच्या हातात पैसा जास्त, घरात आणि बिछान्यात त्याचा शब्द शेवटचा. शिवाय कोवळ्या वयात शरीरही संसर्गाला जास्त उघडं असतं. जिथं या गोष्टी अंतराबरोबर येत नाहीत तिथं धोकाही कमी दिसणार.

पुण्यानं हे फार पूर्वी दाखवून दिलं आहे. भोसरीच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेचे डॉ. रमण गंगाखेडकर आणि सहकाऱ्यांनी 1993 ते 1996 या काळात पुण्यातल्या गुप्तरोगाच्या दवाखान्यांत आलेल्या 916 बायकांची तपासणी केली. त्यांतल्या 391 बायका देहविक्रय करणाऱ्या नव्हत्या. बहुतेक लग्न झालेल्या, आयुष्यात एकच पुरुष माहीत असलेल्या. त्यांच्यातही एचआयव्हीचं प्रमाण शेकडा 13.6 निघालं. त्यांतल्या बहुतेकींनी स्वतः कुठलीच जोखीम घेतली नव्हती. जोखीम नवऱ्याच्या मागच्या आयुष्यातून आली होती. हा अभ्यास वयाच्या अंतरावर नव्हता, पण 'तिचं वागणं कसं' यापेक्षा 'त्याचं आयुष्य कसं' हा प्रश्न का महत्त्वाचा, ते यापेक्षा स्वच्छ कोणी सांगितलेलं नाही.

आज भारतात एचआयव्ही त्या काळासारखा पसरलेला नाही आणि गोंदिया म्हणजे क्वाझुलू-नाताल नव्हे. इथं धोका दुसऱ्या वाटांनी येतो. लवकर आणि लागोपाठची बाळंतपणं, रक्तक्षय, लपवलेला गर्भ, उशिरा केलेला गर्भपात, मारहाण, सुटलेली शाळा. अनिता राज आणि सहकाऱ्यांनी 2009 साली 'लॅन्सेट'मध्ये भारताच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे आकडे तपासले. त्या गटात मुंबईच्या प्रजनन आरोग्य संस्थेचे दोन्ता बालय्या हेही होते. अठराच्या आत लग्न झालेल्या मुलींत पहिल्या बाळाआधी गर्भनिरोधक न वापरणं, दोन वर्षांच्या आत दुसरं बाळंतपण, नको असलेली गर्भधारणा आणि तरुणपणीच नसबंदी, हे सगळं जास्त दिसलं. पंचविशीच्या आत ऑपरेशन झालेल्या बायका आपल्या गावांत कमी नाहीत. चाळिशीत त्यांच्याकडे पाहिलं की वय पटत नाही.

2019 ते 2021 च्या त्याच सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात वीस ते चोवीस वयाच्या शंभर बायकांपैकी जवळपास बावीस जणींचं लग्न अठराच्या आत झालं होतं. मराठवाड्यात परभणी, बीडकडे हे प्रमाण डोळे विस्फारावेत इतकं आहे. पूर्व विदर्भ त्या मानानं खूप बरा. गोंदियात 2011 च्या जनगणनेत हजार पुरुषांमागे 999 स्त्रिया होत्या. मुलगी म्हणजे ओझं, ही भावना इथं तेवढी घट्ट नाही. ऊसतोडीला जाताना वयात आलेली मुलगी कोणाच्या भरवशावर सोडायची, हा बीडचा पेच धानाच्या या पट्ट्यात नाही. म्हणून बालविवाहाच्या यादीत गोंदिया खाली दिसतं आणि खाली दिसलं की अधिकारी निवांत होतात. पण ती यादी फक्त लग्न मोजते. लग्नाविना झालेली फसवणूक त्या यादीत येतच नाही.

ती कशी असते हे पाहायला विदर्भाबाहेर जायची गरज नाही. यवतमाळ जिल्ह्याच्या तेलंगणा सीमेवर झरी-जामणी तालुका आहे. इथल्या कोलाम पोडांवरच्या, म्हणजे वस्त्यांवरच्या, 'कुमारी मातां'बद्दल गेली कित्येक वर्षं बातम्या येतात, चौकशा होतात, महिला आयोगाच्या भेटी होतात. कोलाम ही महाराष्ट्रातल्या तीन अतिमागास आदिम जमातींपैकी एक. रस्त्यांची, लाकडाची कामं घेऊन बाहेरचे ठेकेदार, मुकादम, व्यापारी आले. पोडावर येणं-जाणं वाढलं, लहानसहान वस्तू दिल्या गेल्या, लग्नाचं वचन दिलं गेलं. काम संपलं आणि माणूस निघून गेला. मुली पंधरा-सोळाच्या, पुरुष बरेचदा पंचविशी-तिशी ओलांडलेले, काही जण घरी बायकामुलं असलेले. अशा माता नेमक्या किती, यावर सरकारी आकडा आणि कार्यकर्त्यांचा आकडा यांचं कधी जुळलं नाही. आकड्यांच्या भांडणात एक गोष्ट मात्र मागे पडली. मदत, पुनर्वसन, समुपदेशन, शिवणयंत्र हे सगळं मुलींसाठी आलं. पुरुषांच्या वयांचा, पेशांचा, गावांचा तक्ता करून 'आमच्या भागात कोणत्या कामाबरोबर कोणता धोका येतो' हे शाळेच्या फळ्यावर मांडायला हवं होतं.

ते मांडलं तर काय होतं, हे केनियात तपासून झालं आहे आणि या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो हाच प्रयोग. 2004 साली पास्कलिन ड्युपास या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी पश्चिम केनियातल्या 328 प्राथमिक शाळा घेतल्या. त्यांतल्या काही शाळांतल्या शिक्षकांना सरकारच्या एड्स-अभ्यासक्रमाचं प्रशिक्षण मिळालं. त्यात भर होता संयमावर, लग्नापर्यंत थांबा यावर. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या 71 शाळांत वेगळंच झालं. बाहेरून एक कार्यकर्ता आला, आठवीच्या वर्गात चाळीसेक मिनिटं थांबला. युनिसेफची एक छोटी कार्टून फिल्म दाखवली. त्यात शाळकरी मुलीला मोठ्या माणसाच्या जाळ्यात ओढलं जातं. मग त्यानं फळ्यावर जवळच्या किसुमू शहरातले आकडे लिहिले, वयोगटानुसार. पंधरा ते एकोणीसच्या मुलांत एचआयव्ही शेकडा चारच्या आसपास, पंचविशीपुढच्या पुरुषांत शेकडा अठ्ठावीसच्या आसपास. 'असं करू नका' असं तो म्हणालाच नाही. आकडे लिहिले, प्रश्न घेतले आणि गेला.

वर्षभरानं हिशेब झाला. शिक्षकांच्या प्रशिक्षणानं मुलींच्या गरोदरपणात काही फरक पडला नव्हता. त्या चाळीस मिनिटांनी गरोदरपण 28 टक्क्यांनी कमी झालं होतं आणि मोठ्या पुरुषांपासून झालेली गर्भधारणा त्याहून कितीतरी जास्त घटली होती. मुलींना त्या पुरुषांचं आकर्षण का वाटतं ते ठाऊकच होतं: पैसे, भेटवस्तू, मोबाइल, 'हा सांभाळील' हा भरवसा. नफ्याची बाजू त्यांना कळत होती, तोट्याची कोणी कधी सांगितली नव्हती. नंतर बोट्स्वानात असाच तास घेतला गेला, तेव्हा जवळच्या वयाच्या तरुणांनी सांगितलं तर फरक पडला, शाळेच्या शिक्षकांनी सांगितलं तर पडला नाही. आपल्याकडच्या 'मार्गदर्शनपर व्याख्यानां'च्या संयोजकांनी हे जरूर वाचावं. हार घालून बसवलेल्या पाहुण्यानं तासभर संस्कारांवर बोलणं हा सगळ्यात निरुपयोगी प्रकार आहे.

महाराष्ट्राचं स्वतःचंही एक उदाहरण आहे आणि ते आपण फारसं सांगत नाही. पैठण तालुक्यातल्या पाचोडच्या आरोग्य व्यवस्थापन संस्थेनं, डॉ. अशोक दयालचंद यांच्या पुढाकारानं, 1990 च्या दशकाच्या शेवटी अविवाहित मुलींसाठी वर्षभराचा वर्ग सुरू केला. गावातलीच एखादी शिकलेली बाई रोज संध्याकाळी तासभर घ्यायची. शरीर, आहार, पाळी, पैशांचा हिशेब, सरकारी कचेरीत कसं बोलायचं, घरात नाही कसं म्हणायचं. लग्न पुढे ढकला असा धोशा नव्हता. तरी त्या गावांत मुलींच्या लग्नाचं मध्यम वय सोळावरून सतरावर गेलं. शेजारच्या, वर्ग नसलेल्या गावांतल्या मुलींचं लग्न अठराच्या आत होण्याची शक्यता चौपट राहिली. एक वर्ष म्हणजे काय मोठं, असं कोणी म्हणेल. दहावी आणि अकरावी यांच्यामधलं ते एक वर्ष आहे.

कायद्याकडे वळू. 2012 च्या पोक्सो कायद्यानं संमतीचं वय अठरा केलं. सतरा वर्षांची मुलगी आणि तिच्या वर्गातून नुकताच पुढे गेलेला एकोणीस वर्षांचा मुलगा, किंवा तीच मुलगी आणि पस्तिशीचा मुकादम, संमतीच्या प्रश्नावर कायदा दोघांना एकाच मापानं मोजतो. एनफोल्ड या संस्थेनं आसाम, महाराष्ट्र आणि पश्चिम बंगालमधले 2016 ते 2020 चे 7,064 निकाल वाचले. जवळपास चौथा हिस्सा प्रेमप्रकरणांचा होता. आईबापांनी तक्रार करायची, पोरानं आत जायचं आणि पोरीनं बालगृहात. कॅनडानं इथं वयाचं अंतर कायद्यातच घातलं आहे: तिथं संमतीचं वय सोळा, पण चौदा-पंधराच्या मुलीचा जोडीदार पाच वर्षांपेक्षा कमी अंतरानं मोठा असेल तर गुन्हा ठरत नाही. आपल्या विधी आयोगानं सप्टेंबर 2023 च्या 283 व्या अहवालात संमतीचं वय खाली आणायला नकार दिला. पण सोळा ते अठरामधल्या प्रकरणांत शिक्षा ठरवताना न्यायाधीशांना मोकळीक असावी आणि वयातलं अंतर तीन वर्षांपेक्षा जास्त नाही ना, हे पाहावं असं सुचवलं. रखमाबाईंच्या खटल्यानंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी हा प्रश्न कागदावर आला. माझ्या मते हीच दिशा बरोबर आहे. समवयस्कांचं प्रेम आणि मोठ्या माणसाचा डाव यांना एकाच कलमात कोंबल्यानं पहिल्याचं नुकसान होतं आणि दुसऱ्याला आडोसा मिळतो.

पोक्सो कायद्याचा एक फटका आरोग्यालाही बसतो. अल्पवयीन मुलगी गरोदर आहे हे कळलं की डॉक्टरनं पोलिसांना कळवणं बंधनकारक. म्हणून घरचे सरकारी दवाखाना टाळतात, गावाबाहेर कुठंतरी गुपचूप उरकतात आणि उशीर होतो. 2021 पासून गर्भपाताच्या सुधारित कायद्यात अल्पवयीन मुलींसाठी चोवीस आठवड्यांपर्यंत मुभा आहे. सप्टेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की मुलगी आणि पालक यांची इच्छा असेल तर डॉक्टरनं पोलिसांना कळवताना तिचं नाव आणि ओळख सांगण्याची गरज नाही. हे किती आशाताईंना, किती डॉक्टरांना ठाऊक आहे? ठाऊक असतं तर काही मुली वेळेत आल्या असत्या.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या राज्याच्या तथ्यपत्रकात अठराच्या आत लग्न झालेल्या मुली, एकविसाच्या आत लग्न झालेले मुलगे आणि पंधरा ते एकोणीसमध्ये आई झालेल्या किंवा गरोदर मुली, असे आकडे छापतात. जोडप्यांच्या वयांतलं अंतर मात्र छापत नाहीत. माहिती गोळा होते, तक्त्यात येत नाही. जे तक्त्यात येत नाही त्यावर बैठक होत नाही.

तोवर काम गावपातळीवरच करावं लागेल. स्थळ आलं की पत्रिका काढण्याआधी दोन्ही जन्मतारखा कागदावर लिहून वजाबाकी करा. 'पोरगा कमावता आहे, समजूतदार आहे' असं म्हणताना तो किती वर्षांचा आहे हेही म्हणा. शाळेत किशोरींचा तास असेल तर पाहुण्यांऐवजी गावातल्याच कॉलेजात जाणाऱ्या मुलीला बोलवा आणि तिला आकडे सांगू द्या. ग्रामीण रुग्णालयात 'मैत्री' नावाचं किशोरवयीनांचं क्लिनिक असतं, तिथं मुलगी एकटी गेली तरी चालतं. लग्न अठराच्या आतलं असेल तर गावचा ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहे. त्याला सांगायची भीड वाटत असेल तर 1098 वर फोन करा. तो फुकट लागतो, दिवसरात्र चालू असतो आणि फोन करणाऱ्याचं नाव गुप्त ठेवलं जातं.